भेग कुठून सुरू होते, कुठे थांबते?

परवा बोदवडच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. वेफर्सचं पाकीट काही फाटेना. कडेला बारीक खाच दिसली, तिथून धरलं आणि टर्रकन फाटलं. आजचा विषय ती खाचच आहे, फक्त पाकीट १०३ मीटर उंच आहे. कोयना धरण.

११ डिसेंबर १९६७ची पहाट. भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं गेली. धरण टिकलं, पण त्याला आडव्या भेगा पडल्या, पाण्याकडच्या तोंडाला आणि कोरड्या तोंडालाही. कोरड्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्याच उंचीच्या आसपास. म्हणजे खाचच की!

धरण आखताना भूकंपाचा हिशोब साधा होता: वजनाच्या ५ टक्के आडवा धक्का. त्यात काँक्रीट कुठेच ताणलं जात नव्हतं. पुढे अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी १९७३ साली कॉम्प्युटरचं गणित मांडलं. धरणाचे छोटे तुकडे पाडले, काँक्रीट लवचिक धरलं आणि धरणातल्याच यंत्रानं नोंदवलेले हादरे त्याला दिले. ताण नेमका त्या खाचेपाशी काँक्रीटला झेपण्यापलीकडे गेला.

म्हणजे भेग कुठे सुरू होणार, ते कळलं. पण ती किती आत जाईल? खरी भीती तीच ना! आरपार गेली तर वरचा भाग सुटा होतो.

इथे गंमत होते. लवचिक पदार्थाच्या गणितात भेगेच्या टोकाशी ताण अनंत निघतो. तुकडे निम्मे करा, आकडा वाढतो. आणखी निम्मे करा, आणखी वाढतो. मग विश्वास कशावर ठेवायचा? याचं उत्तर ग्रिफिथनं १९२१मध्येच काचेवर प्रयोग करून दिलं होतं: ताण नाही, ऊर्जा मोजा. भेग पुढे सरकल्यानं जेवढी ऊर्जा सुटते, ती नवा पृष्ठभाग तयार करायला पुरली, तरच भेग सरकते.

दुसरी अडचण, जुन्या पद्धतीत भेग तुकड्यांच्या कडेकडेनंच चालायची. म्हणजे रेषा आपण आखायच्या आणि भेगेनं त्याच वाटेनं जायचं, ही तर फसवणूकच झाली! १९९९च्या सुमारास एक्सफेम आलं, त्यात भेग तुकड्याच्या मधूनही जाते.

आज जगात कुणी नवी पद्धत काढली, की ती बऱ्याचदा कोयनेवर चालवून बघतात, कारण इथे खरं उत्तर काँक्रीटवरच उमटलेलं होतं. त्या भेगा नंतर बुजवल्या आणि कोरड्या बाजूनं धरणाला काँक्रीटचे टेकू दिले.