ओसरीवरची शाळा

आमच्या गावात वेशीजवळ एक कौलारू इमारत आहे. जाड दगडी भिंती, पुढे लाकडी खांबांची लांब ओसरी. आज ते गावाचं सभागृह. जुनी माणसं मात्र अजून 'लोकल बोर्डाची शाळा' असंच म्हणतात. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या. हे नाव त्याच्या आधीचं.

माझे आजोबा या शाळेत चौथीपर्यंत शिकले. पण वर्गात बसून नव्हे, या ओसरीवर. आम्ही महार. घरून आणलेलं तरट अंथरायचं आणि खिडकीतून फळा बघायचा. मास्तर पाटीला हात लावत नसत, लांबूनच तपासत. तहान लागली तर कुणी वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचं. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांच्या वाट्यालाही असंच तरट आलं होतं.

वास्तविक सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्येच मंजूर झाला होता. आजोबा शाळेत गेले ते त्यानंतर दहा वर्षांनी. ठराव मुंबईहून निघाला, पण आमच्या शाळेचा उंबरा काही त्याला ओलांडता आला नाही.

पुढे गावाला नवी शाळा झाली आणि ही इमारत ओस पडली. कौलं फुटली, आत शेळ्या बसू लागल्या. पंधराएक वर्षांपूर्वी ती पाडून दुकानांचे गाळे काढायची टूम निघाली. ग्रामसभेत सगळे अनुकूल होते. तेव्हा माझे वडील उठले. म्हणाले, "पाडा खुशाल. पण आम्ही कुठं बसत होतो, ते नातवंडांना कुठं नेऊन दाखवू?"

सभा गप्प झाली. नंतर वाद बराच झाला, पण शेवटी लोकवर्गणीतून दुरुस्तीचं ठरलं. पहिली पावती फाडली ती गाळ्यांसाठी भांडणाऱ्यानंच.

आता तिथं ग्रामसभा भरते, बचत गट बसतो, बाळांना लस टोचतात, लग्नं लागतात. त्यात आमच्या वस्तीतलीही असतात.

मागच्या ग्रामसभेला आत जागा असूनही आमच्या वस्तीतल्या एक आजी ओसरीवरच टेकल्या. सरपंचबाई स्वतः बाहेर आल्या. "आजी, आत चला की." आजी म्हणाल्या, "र्‍हाऊ दे बाई, हितं वारं लागतंय."

वारा होता खरा. पण सभा संपेपर्यंत माझं लक्ष दाराकडेच होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)