शीरखुर्म्यातली साखर

ईदच्या शीरखुर्म्यातली साखर आधी ऊस असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून तोडीला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकजण आजारी पडला तर खाडा. मुकादमाची उचल हंगामात फिटली नाही, की बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि माणसं परत फडात. कर्जापोटी सक्तीने राबवणं १९७६च्या कायद्याने गुन्हा आहे. तसं कर्ज फेडावंच लागत नाही. पण शीतपेयाची कंपनी साखर घेते ती कारखान्याकडून. मुकादमाची वही कोण बघतं? (आपण तरी कुठे बघतो.) जकातीच्या आठ हक्कदारांत गुलामांची सुटका आहे, कर्जबाजारीही आहेत. यंदा जकात काढताना हा कोयता आठवा. आणि कंपनीला लिहून विचारा: तोडणाऱ्यांवर बाकी किती?