सुधारकांचे साम्राज्य



आज मी अमेरिकेविषयी, त्यातही १८९८ ते १९१८ या वीस वर्षांविषयी बोलणार आहे. आपल्या अभ्यासक्रमांत ही वीस वर्षे तीन प्रकरणांत वाटलेली असतात: सुधारणांचे युग, सागरापलीकडचा विस्तार आणि पहिले महायुद्ध. विद्यार्थी तिन्ही वेगवेगळी वाचतो, तिन्हींवर वेगवेगळी उत्तरे लिहितो. माझ्या मते हे सगळे एकच प्रकरण आहे. माणसे तीच होती आणि त्यांची श्रद्धाही तीच होती.

अल्बर्ट बेव्हरिज हे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. हा इंडियाना राज्याचा सिनेटर. कत्तलखान्यांतले सडके मांस लोकांच्या ताटात जाऊ नये म्हणून १९०६ साली मांसतपासणीचा कायदा झाला, त्यामागे त्याची खटपट होती. त्याच वर्षाअखेर त्याने बालमजुरीविरुद्ध विधेयक आणले. चौदा वर्षांखालील मुले जिथे राबतात त्या कारखान्यांचा आणि खाणींचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ द्यायचा नाही, अशी त्याची मागणी होती. १९०७ च्या जानेवारीत तो यासाठी सिनेटमध्ये तीन दिवस बोलला. कोवळ्या मुलांच्या हालांची प्रतिज्ञापत्रे त्याने वाचून दाखवली. विधेयक मंजूर झाले नाही, पण त्याच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

याच माणसाने १८९८ साली इंडियानापोलिसला एक भाषण केले होते. स्पेनशी युद्ध नुकतेच जिंकले होते आणि क्युबा, प्वेर्तो रिको, फिलिपाइन्स यांचे काय करायचे हा प्रश्न देशापुढे होता. लोकांच्या संमतीने राज्य चालावे हे तत्त्व ज्यांना स्वतःचा कारभार करता येतो त्यांनाच लागू आहे, इतरांना नाही, असे बेव्हरिजने त्या सभेत ठासून सांगितले. डिसेंबरात पॅरिसचा तह झाला आणि अमेरिकेने दोन कोटी डॉलर मोजून फिलिपाइन्स स्पेनकडून आपल्या नावावर करून घेतले. फिलिपिनो लोकांनी त्याआधीच, १२ जून १८९८ रोजी, आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते. त्यांना कुणी विचारले नाही. १८९९ च्या फेब्रुवारीत लढाई पेटली. तीन वर्षांत सुमारे ४,२०० अमेरिकी सैनिक आणि २०,००० हून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले. हिंसा, उपासमार आणि रोगराईने दगावलेल्या सामान्य माणसांचा आकडा दोन लाखांपर्यंत धरला जातो.

या युद्धातले १९०१ हे वर्ष बारकाईने पाहण्यासारखे आहे. ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाचे जहाज सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक-शिक्षिकांना घेऊन मनिलाला लागले. गावोगाव शाळा काढायच्या, इंग्रजी शिकवायचे, आरोग्याचे धडे द्यायचे, असा त्यांचा संकल्प होता. पुढच्याच महिन्यात समार बेटावरच्या बालांगिगा गावात लोकांनी अमेरिकी तुकडीवर हल्ला करून तिच्यातल्या बहुतेकांना ठार केले. त्यावर जनरल जेकब स्मिथने तोंडी हुकूम दिला: बेट उजाड करा, शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला मारा. वयाची मर्यादा विचारली तेव्हा त्याने दहा वर्षे सांगितली. लष्करी न्यायालयाने त्याला समज दिली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला निवृत्त केले. शिक्षा एवढीच.

१९०२ साली सिनेटच्या समितीपुढे साक्षी झाल्या. कैद्यांच्या घशात पाणी ओतून त्यांना बोलते करण्याचे प्रकार सैनिकांनी शपथेवर सांगितले. बेव्हरिज त्या समितीचा सभासद होता आणि तिथे त्याने सैन्याची बाजू लढवली. इंडियानातल्या तेरा वर्षांच्या मुलासाठी ज्याचा जीव तुटत होता, त्याला समारमधला अकरा वर्षांचा मुलगा दिसला नाही. मी त्याला ढोंगी म्हणत नाही. ढोंग असते तर इतिहासकाराचे काम सोपे झाले असते. शिकलेला, तज्ज्ञ, स्वच्छ हाताचा माणूस दुसऱ्याचे हित त्याच्यापेक्षा चांगले जाणतो, ही त्या पिढीची श्रद्धा होती. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळी तपासणारा निरीक्षक आणि मनिलाला राज्य करायला गेलेले अमेरिकी कमिशन, दोघेही तिच्याच बळावर उभे होते. ‘तुम्ही अजून लायक झाला नाहीत’ हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्या साहेबाच्या तोंडून ऐकलेले आहे, म्हणून ते आपल्याला चटकन ओळखू यावे.

हे अटळ होते असेही नाही. शिकागोच्या हल हाउसमध्ये स्थलांतरित मजुरांच्या शेजारी राहून काम करणाऱ्या जेन ॲडम्स यांनी १८९९ साली साम्राज्यविरोधी सभेत प्रश्न घरापर्यंत आणून ठेवला: आपल्या वस्तीत खून वाढले आहेत, रस्त्यावरची मुले युद्धाचे खेळ खेळत आहेत, परमुलखातली हिंसा इथे परत येते आहे. बॉस्टनचे वकील मूरफील्ड स्टोरी साम्राज्यविरोधी संघाचे अध्यक्ष होते आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेचेही पहिले अध्यक्ष तेच झाले. फिलिपाइन्स आणि अमेरिकेचा दक्षिण भाग हा एकच प्रश्न आहे, हे त्यांना कळले होते.

राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या काळात सुधारणा आणि साम्राज्य यांची ही गाठ आणखी घट्ट झाली. फेडरल रिझर्व्ह, प्राप्तिकर आणि मक्तेदारीविरोधी कायदा हे त्यांच्याच कारकिर्दीतले. सरकारी कचेऱ्यांत गोरे-काळे वेगळे बसवण्याची चालही तेव्हाच बळावली आणि १९१५ साली हैतीत सैन्य उतरले ते १९३४ पर्यंत हलले नाही. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात पडली. युद्धाच्या प्रचारखात्याचा प्रमुख जॉर्ज क्रील हा सुधारक पत्रकार होता. बालमजुरीवरच्या एका पुस्तकाचा तो सहलेखक. समाजवादी पुढारी युजीन डेब्स यांना कँटन इथल्या एका युद्धविरोधी भाषणासाठी दहा वर्षांची सजा झाली. १९२० साली त्यांनी तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळवली.

आता आपल्या व्यवसायाकडे येतो, कारण या परिषदेपुढे मला मुख्यतः तेच मांडायचे आहे. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते. तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई, अर्थशास्त्राचे सेलिग्मन, इतिहासाचे जेम्स हार्वी रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल हे त्यांचे शिक्षक. त्या वर्गांतून बाबासाहेबांनी काय आणले ते आपण जाणतो. ते लंडनला गेल्यावर पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठाने युद्धाला विरोध केल्याबद्दल कॅटेल आणि डेना या दोन प्राध्यापकांना काढून टाकले. तिथलेच प्राध्यापक, इतिहासकार चार्ल्स बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे. तरीही ऑक्टोबर १९१७ मध्ये त्यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. शॉटवेल त्याच वर्षी वॉशिंग्टनला, युद्धकार्यासाठी स्थापन झालेल्या इतिहासकारांच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

त्या मंडळाची एक गोष्ट प्रत्येक इतिहास विभागात शिकवली पाहिजे. १९१८ साली क्रीलच्या खात्याला रशियातून काही कागद मिळाले: लेनिन आणि ट्रॉट्स्की जर्मनीच्या पैशावर काम करतात, असा त्यांचा आशय. अस्सलपणाचा निर्वाळा मागण्यासाठी ते कागद जे. फ्रँकलिन जेम्सन आणि रशियाचे अभ्यासक सॅम्युएल हार्पर यांच्याकडे गेले. जेम्सन म्हणजे अमेरिकी इतिहासकारांच्या प्रमुख नियतकालिकाचे संपादक, कागदपत्रांच्या चिकित्सेत ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. दोघांनी घाईत त्यातले बहुतेक कागद अस्सल ठरवले. १९५६ साली मुत्सद्दी आणि इतिहासकार जॉर्ज केनन यांनी ते बनावट असल्याचे पुराव्यानिशी दाखवून दिले. जेम्सन यांच्याकडे विद्वत्तेची कमतरता नव्हती. राष्ट्र युद्धात असताना थांबून ‘अजून खात्री नाही’ म्हणण्याचे बळ कमी पडले.

कार्यकारिणीला माझ्या तीन सूचना आहेत. १८९८ ते १९१८ या काळातल्या ‘केसरी’, ‘इंदुप्रकाश’ आणि ‘ज्ञानप्रकाश’च्या अंकांतील अमेरिकेविषयीच्या मजकुराची सूची परिषदेने करून घ्यावी. पंडिता रमाबाईंचे १८८९ चे मराठी पुस्तक ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरला वाचनासाठी लावावे. आणि १९०२ च्या सिनेट समितीपुढील निवडक साक्षी मराठीत आणण्यासाठी पुढच्या अधिवेशनापूर्वी अनुवादकांचे मंडळ नेमावे. ते काम करायला तयार असलेल्या तरुणांनी आजच्या दुपारच्या सत्रानंतर मला भेटावे.