बेडकाच्या पिलाची पारख



संकुचित दृष्टीच्या माणसाला आपण कूपमंडूक म्हणतो. पण जागेची पारख बेडकाच्या पिलाला केवढी असते, ते आज आपण पाहू.

शेपूट जिरून नुकतेच पाण्याबाहेर आलेले पिलू लहानसे असते. त्याला ना शिंग, ना नांगी. बगळे, साप त्याच्यावर टपलेले. भोवतालच्या रंगात मिसळून जाणे हाच त्याचा मोठा आधार. यालाच मायावरण म्हणतात.

हे साधते कसे? डोळ्यांना भोवताल काळपट दिसला, की मेंदूखालच्या पोष ग्रंथीचा स्राव रक्तात उतरतो. त्वचेच्या पेशींतले काळे कण पसरतात आणि अंग गडद होते. कण एकवटले की ते फिकट होते. 1916 साली अमेरिकेत ॲलन आणि स्मिथ या दोघांनी, स्वतंत्रपणे, बेडूकमाशांची ही ग्रंथी काढून पाहिली. तेव्हा काळे बेडूकमासे चंदेरी झाले.

परंतु रंग बदलायला वेळ लागतो आणि सापाची झडप तर क्षणाची! म्हणून रंगाइतकीच जागेची निवड महत्त्वाची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका झाडबेडकात काही हिरवे असतात, काही तपकिरी. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले, की हे बेडूक आपापल्या रंगाला जुळणारी जागा निवडतात. आणि न जुळणाऱ्या जागी बसलेले बेडूक सापाच्या तोंडी अधिक पडतात.

ही पारख उपजत, की शिकलेली? 1970 साली जॉन वीन्स यांनी तांबड्या पायांच्या बेडकाची पिले, बेडूकमासे असतानाच, पट्ट्यापट्ट्यांच्या तळावर वाढवली. पुढे त्यांनी पट्ट्यांचाच तळ पसंत केला. चौकटींच्या तळावर वाढलेल्यांनी मात्र असा कल दाखवला नाही. म्हणजे अनुभवाने शिकायचे खरे. पण काय शिकायचे, त्याला उपजत मर्यादा आहे.

आता मृगाचा पाऊस येईल आणि आषाढ-श्रावणात आपल्या तळ्यांकाठीही पिले उड्या मारू लागतील. आपण मात्र तळ्यांचे काठ सिमेंटने बांधून काढीत आहोत. गवत, चिखल, पालापाचोळा गेला, तर पारख असूनही पिलाने निवडावे काय? आणि शेतातली कीड खाणारे बेडूक गेले, तर नुकसान आपलेच. म्हणून घाट बांधावा, पण तळ्याची एक बाजू कच्ची राखावी, एवढीच आमची विनंती आहे.