उंबरखिंड टेबलावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्या चिटणीसबाईंनी मला विचारले, "म्हणजे दिवाळीतला किल्लाच ना?" त्याचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. दिवाळीतला किल्ला आपण पाहण्यासाठी करतो. विटा-दगड रचले, त्यावर ओले गोणपाट घातले, माती थापली, हळीव पेरले, कुंभारवाड्यातून चित्रे आणून मांडली. चार दिवस आल्यागेल्यांनी वाखाणला की किल्ल्याचे काम झाले. मी सांगणार आहे तो डोंगर खेळण्यासाठी केलेला आहे. त्याच्यावर इंचभर उंचीची चित्रे चालवायची, फासे टाकायचे आणि दोघींपैकी एकीने जिंकायचे. त्यामुळे या डोंगराला नुसते सुंदर दिसून भागत नाही. त्याने वाट अडवली पाहिजे, माणसे लपवली पाहिजेत आणि चढणाऱ्याला दमवले पाहिजे.

हा पोरखेळ आहे असे कुणाला वाटत असेल तर सांगते. 1812 साली प्रशियाच्या राजापुढे राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने असा खेळ ठेवला. त्यात प्लॅस्टरच्या चौकोनी ठोकळ्यांवर टेकड्या, नद्या, गावे होती आणि ते ठोकळे जुळवून हवा तसा प्रदेश मांडता येई. पुढे 1824 साली त्याच्या मुलाने नकाशावर खेळायचे नियम छापले आणि सैन्यातले अधिकारी त्यावर शिकू लागले. घराघरात हा खेळ नेला तो एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने, 1913 सालच्या आपल्या पुस्तकाने. त्या पुस्तकाच्या लांबलचक नावात मुलग्यांना मानाचे पान आहे, आणि शेपटाला, हुशार असतील त्या मुलींनाही खेळायला हरकत नाही, अशी परवानगी आहे! परवानगीबद्दल आपण त्यांचे आभार मानू आणि कामाला लागू.

मी उंबरखिंड का निवडली? प्रतापगड सर्वांना पाठ असतो, पन्हाळ्याची वाटही ठाऊक असते. उंबरखिंड त्या मानाने मागे पडली. 1661 च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात धाडले. खानाची फौज लोहगडाच्या बाजूने घाटमाथ्यावर आली आणि खाली उतरून दाट रानातल्या अरुंद खिंडीत शिरली. ही जागा आजच्या रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ आहे. अंबा नदी तिथूनच वाहते. शिवाजीमहाराजांची माणसे दोन्ही अंगांच्या रानात आधीच दडून बसली होती. खान पुरता कोंडला गेला. या फौजेत एक स्त्री सरदार होती, माहूरच्या उदारामाच्या घराण्यातली रायबागन. महाराजांच्या काळातच कवींद्र परमानंदांनी लिहिलेल्या शिवभारतात ही सारी हकिगत आहे. वारा नाही, पाणी नाही, पुढे वाट नाही आणि मागेही नाही, अशा स्थितीत रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो ऐकला, खंडणी कबूल केली आणि महाराजांनी फौजेला जाऊ दिले.

शाळेच्या पुस्तकातली एक ओळ म्हणून हे वाचले तर बाई घाबरली असे वाटते. माझी तेरा वर्षांची नात तसेच म्हणाली. मी म्हटले, आधी खिंड करू, मग बोलू.

बारा मिलिमीटर जाडीचा, चार फूट बाय तीन फूट प्लायवुड घ्या. खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकून घ्या, नाही तर ओला लगदा चढला की फळी वाकते. आता प्रमाण ठरवायचे. आम्ही एक इंचाला पन्नास मीटर धरले. म्हणजे फळीची लांबी चोवीसशे मीटर झाली. घाटमाथा आणि खिंड यांत चार-पाचशे मीटरांचा फरक धरला तर डोंगर आठ ते दहा इंच उंच होतो. दुसऱ्या प्रदेशात टेकड्या दिसाव्यात म्हणून उंची दुप्पट-तिप्पट फुगवावी लागते. आपल्या सह्याद्रीला तसल्या मदतीची गरज नाही. माणसांची चित्रे मात्र या मापात बसत नाहीत. त्या हिशेबाने माणूस जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा होईल. म्हणून एक चित्र म्हणजे एक तुकडी आणि एक झाड म्हणजे झाडांचा एक पट्टा, असे मानायचे. नकाशात देवळाची खूण देवळापेक्षा मोठी असतेच की.

उंचीसाठी किराणामालाच्या खोक्यांचा पुठ्ठा वापरा. साधारण पाच मिलिमीटर जाडीचे पाच थर चिकटवले की एक इंच होतो, म्हणजेच पन्नास मीटर. प्रत्येक इंचाला एक पायरी सोडा, आणि ती पायरी सव्वा इंच तरी रुंद हवी. हे फार महत्त्वाचे आहे. चित्राची बैठक इंचभर असते. उतार गुळगुळीत केला तर चित्रे घसरून दरीत पडतात आणि भांडणे होतात. जिथे कडा आहे तिथे पायरीच नको, सरळ तुटलेला ठेवा. म्हणजे "इथून उतरता येते का?" हा वाद डोंगरच मिटवतो.

त्यावर कागदाचा लगदा. वर्तमानपत्रे फाडून रात्रभर भिजवा, सकाळी पिळून चांगली कुटा आणि भिजवून वाटलेली मेथी मिसळा. मेथीच्या चिकटपणाने लगदा दगडासारखा होतो, हे आपल्या आज्यांना टोपल्या लिंपताना ठाऊक होतेच. मैद्याची खळ केली तर कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. पण ते विष आहे, मुलांचे हात लागणार असतील तर नकोच. थर पाव इंचापेक्षा जाड नको. चार दिवस सावलीत वाळवा आणि मग ऊन दाखवा. एकदम उन्हात ठेवला की तडे जातात. अर्थात कड्याच्या बाजूला तडे गेलेले शोभतात, तिथे ते तसेच राहू द्या.

रंगाच्या वेळी सगळ्यांचा हात हिरव्याकडे जातो. तो आवरायचा. लढाई फेब्रुवारीतली आहे. तेव्हा माथ्यावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, खडक काळा असतो, आणि हिरवे रान राहते ते ओढ्यांच्या घळीत. गवताला चाळलेला लाकडाचा भुसा हळदीच्या रंगात बुडवून घेतला. रानातल्या जमिनीला वाळवलेला चहाचा चोथा. त्याहून चांगली पालापाचोळ्याची माती विकतही मिळणार नाही. झाडांना मंजिऱ्या झडलेल्या तुळशीच्या काड्या, आणि पर्णभाराला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कात्रीने तोडून, हिरव्या रंगात बुडवून. ही युक्ती ऐकून माझ्या जाऊबाईंनी न्हाणीघरातले घोसाळे लपवून ठेवले होते. नदीला निळा रंग देऊ नका. तळ गडद तपकिरी रंगवा आणि वर व्हार्निशचे तीन हात द्या. फेब्रुवारीतली अंबा असते तितकीच बारीक काढा, कारण आपल्या खेळात पाण्याला किंमत आहे.

चित्रे शाडूची, बोटाच्या पेराएवढी. दिवाळीतली चित्रे इथे चालत नाहीत, ती कड्यापुढे राक्षसासारखी दिसतात.

आता खेळाचे दोनच नियम सांगते, बाकीचे तुम्ही बसवा. मोकळ्यावर एका डावात सहा इंच चालायचे, रानात दोन इंच, आणि खिंडीत एकामागे एक. दुसरा नियम नजरेचा. एका चित्राच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत दोरा ताणायचा. मध्ये झाड किंवा डोंगर लागला तर दिसत नाही. मराठ्यांकडून खेळणारीने आपल्या तुकड्यांच्या जागा चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या आणि दिसतील तेव्हाच चित्रे मांडायची.

या नजरेच्या नियमाचा एक मोठा दाखला आहे, तोही बायकांचा. दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, लिव्हरपूल येथे इंग्लंडच्या नौदलाने जमिनीवर आरमारी खेळ मांडला होता. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली तो चालवणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. अटलांटिकवर जहाजे नेणाऱ्या अधिकाऱ्यांना तिथे कापडी पडद्याआड बसवून भोकातून, जहाजावरून दिसेल तेवढेच पाहू देत. पाणबुड्यांशी लढायचे डावपेच त्या खोलीत बसवले गेले. समुद्राला डोंगर नसतो, तरी त्यांना पडदा लागलाच.

तर आमची नात खान आणि रायबागन यांच्या बाजूने खेळायला बसली. तिसऱ्या डावाला तिची फौज खिंडीत एका ओळीत अडकली. पुढच्या तुकड्यांना मागच्यांच्या मदतीला जाता येईना. दोरा ताणावा तर दर वेळी झाडाला लागे, पण वरून दगडगोटे येतच होते. पाणी सात इंचांवर होते, म्हणजे रानातून चार डाव. तिने दोनदा फौज वर चढवून पाहिली. कड्याला पायरी नव्हती. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी तिने विचारले, "आजी, जिवंत राहिलेल्यांचे गुण मिळतात का?"

मिळतात. तोच तिसरा नियम मी मुद्दाम राखून ठेवला होता. खानाच्या बाजूने खेळणारीला मारलेल्या माणसांचे गुण नाहीत. खिंडीबाहेर परत नेलेल्या प्रत्येक तुकडीचा एक गुण आहे. रायबागनचे चित्र खानाच्या चित्राशेजारी आणून फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले तर खान ऐकतो, कमी पडले तर अजून एक डाव लढावे लागते. त्या दिवशी नातीला दोन पडले, मग तीन, मग पाच. तोवर सहा तुकड्या गेल्या होत्या. तेव्हा ती चिडली ती रायबागनवर नव्हे, खानावर.

महाराजांच्या बाजूने खेळणारीलाही एक पेच आहे. संदेश आल्यावर खंडणी घेऊन वाट सोडायची, की डाव पुढे चालवायचा? पुढे चालवला तर तिच्याही तुकड्या खर्ची पडतात. आमच्याकडे आतापर्यंत जितक्या जणी खेळल्या, त्यांतल्या दोघींनी वाट सोडली नाही, आणि दोघींना त्याचे गुण भरावे लागले.

फळी मी आज बरोबर आणली आहे. फराळाच्या टेबलापलीकडे, जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवली आहे. फासे आणि दोऱ्याचे रीळ शेजारच्या डब्यात आहेत. एका वेळी दोघींनीच बसावे, आणि उचलायची झाली तर चौघींनी चार कोपऱ्यांना धरावी. डोंगराच्या शेंड्याला धरू नये.