मत दिल्यावर काय?



दुसरी पाळी संपवून गोदीतनं सरळ इथं आलोय. अंगावर पोत्याची धूळ आहे, सांभाळून घ्या. एरवी कवितेला बोलावता, आज विषय दिलाय मताचा. मॅट्रिक झालेल्या हमालानं राज्यशास्त्र सांगायचं! तरी बोलतो.

आमच्या टोळीतलं एक पोरगं डबा खाताना म्हणालं, ‘दादा, मी नोटा दाबणार. सगळे साले सारखेच.’ म्हटलं, दाब. पण लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा माणूस निवडून येतो. तुझा राग यंत्र मोजतं आणि गप बसतं. तर म्हणतं कसं, ‘मग १९७४ ला आपल्या लोकांनी काय केलं?’

पोरगं हुशार आहे.

जानेवारी १९७४. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. दलित पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ तारखेला वरळीच्या बीडीडी चाळीत सभा उधळली, दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चावर वरनं दगड पडला, भागवत जाधव गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे आल्या. मत न देणंसुद्धा सत्तेला झोंबलं, कारण ते चारचौघांत सांगून, एकजुटीनं केलं होतं. त्यात घरी लोळणं नव्हतं. आज नोटा दाबून संध्याकाळी क्रिकेट बघणाऱ्यानं १९७४ चं नाव घेऊ नये.

आता दुसरी बाजू. राखीव जागेवरचा आपला आमदार आपलं का ऐकत नाही? १९३२ च्या जातीय निवाड्यात आपल्याला दोन मतं होती. एक आपला माणूस आपणच निवडायला, दुसरं सगळ्यांबरोबर द्यायला. त्या दुसऱ्या मतापायी सवर्ण उमेदवाराला महारवाड्यात, मांगवाड्यात यावं लागलं असतं. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करार झाला. जागा वाढून १४८ झाल्या, दुहेरी मत गेलं. तेव्हापासून उभा आपला माणूस राहतो आणि निवडून येतो इतरांच्या मतांवर. मग तो ऐकणार कुणाचं? नुसत्या शिव्या घालून काय होणार, रचनाच तशी आहे. घटना लिहिणारे बाबासाहेब १९५२ ला मुंबईत पडले, १९५४ ला भंडाऱ्यात पडले.

आणि सभागृह आपल्या बाजूनं उभं राहिलं तरी? २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. लगेच मराठवाड्यात आपली घरं पेटली. पोचिराम कांबळेंना मारलं. ठराव पडून राहिला. लाँग मार्च निघाला, पोरं तुरुंगात गेली, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही जुन्या नावाला जोडून. हात वर करायला एक दिवस लागला, पाटी बदलायला सोळा वर्षं.

म्हणून मत सोडून द्यायचं? मी नाही म्हणणार. १९२८ ला सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी प्रत्येक प्रौढाला मत मागितलं, ते उगाच नाही. माझी आजी गावात पाटलाच्या माणसांच्या पहाऱ्यात मतदानाला जायची. शिक्का कुठं मारला ते तिनं आजोबालाही कधी सांगितलं नाही. पडद्याआडचं ते अर्धं मिनिट तिचं एकटीचं होतं.

आमच्या गल्लीत निवडणुकीआधी नळाचा पाइप आला. निकाल लागला, पाइप तसाच, पाणी नाही. आम्ही मत दिलेलाच निवडून आला होता. मग बायका हंडे घेऊन त्याच्या ऑफिससमोर बसल्या. चौथ्या दिवशी जोड मिळाला. मी तेव्हा कामावर होतो, फुकटचं श्रेय घेत नाही. पण एक बघितलं. त्याला समोर नुसते हंडे दिसत नव्हते, पुढची मतं दिसत होती. मतं नसती तर पोलीस आले असते. आणि हंडे नसते तर कोणीच आलं नसतं.

तेव्हा बहिष्कार की मतदान हे आज हात वर करून ठरवू नका. आधी मतदार यादी बघा. आमच्या चाळीत मेलेल्यांची नावं आहेत, जित्यांची गायब आहेत. रविवारी सकाळी यादी घेऊन बसतोय. वही-पेन आणा. चहा मी सांगतो.