ग्लेनफिननचा मनोरा आणि एकवीस कमानी



स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँड्समध्ये, ग्लेनफिनन नावाची एक छोटी वस्ती आहे. बेन नेव्हिस या ब्रिटनमधल्या सर्वांत उंच शिखराच्या पायथ्याशी फोर्ट विल्यम वसलं आहे. तिथून पश्चिमेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात आपण ग्लेनफिननला पोचतो. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे लोख शील हे लांबच लांब, अरुंद सरोवर. तिकडे सरोवराला आणि समुद्राच्या खाडीलाही लोख म्हणतात. या सरोवराच्या काठावर एक दगडी मनोरा उभा आहे, आणि मागे दरीच्या तोंडाशी रेल्वेचा एकवीस कमानींचा पूल आहे. दोन्हींमध्ये जेमतेम एक किलोमीटरचं अंतर. तिथे जाणारे बहुतेक लोक पुलासाठी जातात. मीही आधी पुलासाठीच गेलो होतो. पण आज मला बोलायचं आहे ते या दोघांविषयी एकत्र, कारण एक पाहून दुसरा सोडला तर दोन्ही अर्धेच कळतात, असं माझं मत झालं आहे.

मनोऱ्यापासून सुरुवात करू. साल 1745. आपल्याकडे साताऱ्याला शाहू छत्रपती होते आणि पेशवाईची सूत्रं नानासाहेबांच्या हाती होती. तिकडे ब्रिटनच्या गादीवर हॅनोव्हर घराण्याचा दुसरा जॉर्ज होता. त्याआधीच्या स्टुअर्ट घराण्याचा राजा 1688 साली पदच्युत होऊन परदेशात आश्रयाला गेला होता. त्या घराण्याचा चोवीस वर्षांचा वारस, चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, फ्रान्सहून जहाजाने निघून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. बरोबर माणसं मोजकी, पैसा थोडा आणि फ्रेंच फौजेचा पत्ता नाही. ज्यांच्या भरवशावर तो आला होता त्या डोंगरी सरदारांपैकी अनेकांनी त्याला साफ सांगितलं, की परत जा.

19 ऑगस्टला तो नावेतून लोख शीलच्या या टोकाला आला. निरोप गेले होते, पण काठावर लोक फारसे नव्हते. तो वाट पाहत थांबला. दुपारी डोंगरापलीकडून बॅगपाइपचे सूर ऐकू आले आणि कॅमेरून कुळाचे सातएकशे लोक उतार उतरून खाली आले. त्यांचा नायक लोखील हा राजपुत्राला परत जा म्हणणाऱ्यांपैकीच होता. तो आला नसता तर बंड तिथेच विझलं असतं, यावर बहुतेक इतिहासकारांचं एकमत आहे. मग लाल रेशमी ध्वज उभारला गेला आणि चार्ल्सच्या बापाच्या नावाने द्वाही फिरली.

पुढे जे झालं ते वाऱ्यासारखं झालं. महिन्याभरात एडिनबरा हाती आलं आणि प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत सरकारी फौज उधळली. डिसेंबरात हे लोक इंग्लंडमध्ये थेट डर्बीपर्यंत पोचले. तिथून लंडन दोनशे किलोमीटरच्या आसपास राहिलं होतं. पण इंग्लंडमधून मदत येईना आणि फ्रान्सचं नाव नाही, म्हणून सरदारांनी माघारीचा निर्णय घेतला. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत सगळं संपलं. राजपुत्र पाच महिने डोंगरांत आणि बेटांवर लपत फिरला. त्याच्या डोक्यावर तीस हजार पौंडांचं इनाम होतं. ज्यांच्याकडे दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती अशा माणसांनी त्याला आसरा दिला आणि त्या इनामासाठी कुणी त्याला विकलं नाही. ही गोष्ट मला त्या सगळ्या मोहिमेपेक्षा मोठी वाटते.

राजपुत्र निसटला, पण मागे राहिलेल्यांना किंमत मोजावी लागली. घरं जाळली गेली, गुरं हाकून नेली, जहागिरी जप्त झाल्या. हत्यार बाळगायला बंदी आली, एवढंच काय, पुरुषांनी आपला डोंगरी वेष, तो चौकड्यांचा पोशाख, घालायलाही कायद्याने मनाई झाली. ती 1782 पर्यंत टिकली. आणि ती बंदी चालू असतानाच त्याच सरकारने याच कुळांतल्या तरुणांना फौजेत भरती करायला सुरुवात केली. त्या फौजेत मात्र तो वेष चालत होता.

श्रोतेहो, या धाग्याचं एक टोक आपल्या घरापर्यंत येतं. जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असई नावाचं गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली. वेलस्लीच्या पायदळात दोन हायलँड पलटणी होत्या, चौऱ्याहत्तरावी आणि अठ्ठ्याहत्तरावी. चौऱ्याहत्तराव्या पलटणीची आपल्या तोफांपुढे अक्षरशः चाळण झाली. कलोडननंतरच्या दोन पिढ्यांत या दऱ्यांतली मुलं केळणा नदीच्या काठी येऊन मरत होती, आणि ज्या साम्राज्याने त्यांची घरं मोडली त्याच साम्राज्यासाठी आपल्या माणसांना मारतही होती. त्या मनोऱ्यापाशी उभं असताना मला असईची आठवण आली, आणि मग तो परक्यांचा इतिहास राहिला नाही.

मनोरा बांधला 1815 साली. म्हणजे बंडाला सत्तर वर्षं झाल्यावर, जेव्हा स्टुअर्टांची भीती कुणालाच उरली नव्हती. ग्लेनॅलाडेलचा अलेक्झांडर मॅकडोनल्ड या तरुण जमीनदाराने तो उभारला. त्याचे पूर्वज त्या बंडात होते. आराखडा जेम्स गिलेस्पी ग्रॅहम या स्थापत्यकाराचा. काम पुरं व्हायच्या आत अलेक्झांडर वारला. भोवतालच्या भिंतीवर इंग्रजी, गेलिक आणि लॅटिन अशा तीन भाषांत लेख आहेत. मनोऱ्याची उंची अठरा मीटर. आत अंगाला अंग घासेल इतका अरुंद गोल जिना आहे. माथ्यावर एक चौकोनी खिडकीवजा भोक आहे, त्यातून अंग आक्रसून बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर आलं की दगडी पुतळ्याचे पाय अगदी हाताशी असतात.

हा पुतळा 1830च्या दशकात बसवला गेला, जॉन ग्रीनशील्ड्स या शिल्पकाराचा. खालून पाहणारे त्याला राजपुत्र समजतात. पण तो राजपुत्र नव्हे. तो एक साधा डोंगरी शिपाई आहे, चौकड्यांच्या वेषातला, बिननावाचा. हे मला फार मोलाचं वाटलं. आपल्याकडे आणि जगात सगळीकडेच उंच चौथऱ्यावर राजा चढतो. इथे ज्यांनी ध्वजाखाली येऊन सर्वस्व गमावलं, त्यांच्यातला एक वर उभा आहे. मूळ ध्वज नेमका याच जागी उभारला की मागच्या टेकडीवर, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी चालेल.

आता पुलाकडे वळू. कलोडननंतरच्या दीडशे वर्षांत हायलँड्स रिकामे होत गेले. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावलं, माणसं कॅनडाला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. 1880च्या दशकात उरलेल्या शेतकऱ्यांनी खंड भरायला नकार दिला, आंदोलनं पेटली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1886 साली कुळांना जमिनीचं संरक्षण देणारा कायदा झाला. आणि हे लोक जगावेत तर त्यांची मासळी बाजारात पोचली पाहिजे, हेही लोकांना पटू लागलं. हेरिंग मासा दोन दिवसांत नासतो, आणि ग्लासगो-लंडनचा बाजार तर कुठल्या कुठे. म्हणून फोर्ट विल्यमपासून समुद्रकाठच्या मालेगपर्यंत रेल्वे न्यायचं ठरलं. हा मार्ग फायद्यात चालणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारने भांडवलावर व्याजाची हमी दिली, तेव्हा कुठे 1897 साली काम सुरू झालं.

ठेकेदार होता रॉबर्ट मॅकअल्पाइन. लोक त्याला काँक्रीट बॉब म्हणत. इथला खडक इतका कठीण, की तो घडवून चिरे काढायचे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही पाण्यात. आपल्या बोरघाटातले जुने पूल घडीव दगडाचे आहेत, कारण तिथे तसा दगड आणि तसे पाथरवट होते. मॅकअल्पाइनने उलटा विचार केला. खडक फोडताना जो चुरा निघतो तोच खडी म्हणून वापरायचा, सिमेंटमध्ये कालवायचा आणि लाकडी साच्यांत ओतायचा.

या काँक्रीटमध्ये लोखंडी सळई नाही. कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाताना पानवळचा उंच पूल लागतो, तो आणि आज आपल्या भोवती होतं ते बहुतेक सगळं काँक्रीट सळया घालून केलेलं असतं, कारण नुसतं काँक्रीट दाबाला टिकतं पण ताणाला टिकत नाही. कमानीचं वैशिष्ट्य असं, की तिच्यावरचं ओझं ती दाबाच्या रूपाने बाजूला ढकलत खांबांत उतरवते. ताण जवळजवळ येतच नाही. म्हणून सळईशिवाय हा पूल सव्वाशे वर्षं उभा आहे. एकवीस कमानी, प्रत्येकीचा गाळा सुमारे पंधरा मीटर. एकूण लांबी 380 मीटर आणि उंची तीस मीटर. पूल सरळही नाही. डोंगराच्या एका कुशीतून निघालेला रूळ दरी ओलांडून दुसऱ्या कुशीत शिरतो, त्यासाठी सगळा पूल मोठ्या वळणावर बांधला आहे. वळणाची आतली बाजू सरोवराकडे.

पायवाटेने खाली गेलं की खांबाला हात लावता येतो. मी लावला. काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांच्या आडव्या रेषा उमटलेल्या आहेत, दोन फळ्यांच्या सांध्यातून ओघळलेली बारीक कड बोटाला लागते. कुठे पाणी झिरपून पांढरे ओघळ सुकले आहेत, कुठे शेवाळ धरलंय. त्या फळ्या ज्यांनी ठोकल्या ते मजूर आयर्लंडचे, आसपासच्या डोंगरांतले आणि पश्चिमेच्या बेटांवरचे होते. ते पावसात, चिखलात, झोपड्यांच्या छावण्यांत राहिले. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. मनोऱ्यावरचा तो बिननावाचा शिपाई मला इथे पुन्हा आठवला. त्याचं निदान रूप तरी दगडात आहे, या माणसांच्या फक्त फळ्यांच्या खुणा उरल्या.

या पुलाची एक दंतकथा आहे. खांब आतून पोकळ ठेवून भरले जात. त्या वेळी एक घोडा गाडीसकट खांबात कोसळला आणि तिथेच गाडला गेला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. रोलंड पॅक्स्टन या स्थापत्य-अभियंत्याला या गोष्टीने पछाडलं. 1987 साली त्याने ग्लेनफिननच्या मोठ्या खांबांत भोक पाडून कॅमेरा आत सोडला. आत काही सापडलं नाही. पण त्याने नाद सोडला नाही. घटना याच मार्गावरच्या दुसऱ्या पुलावर घडली असावी, असं त्याच्या कानावर आलं. 2001 साली तिथल्या मधल्या जाड खांबाची यंत्राने तपासणी झाली, तेव्हा घोडा आणि गाडी खरंच आत असल्याचं दिसलं. म्हणजे लोकांची आठवण खरी होती, फक्त पूल बदलला होता. एका मुक्या जनावरासाठी इतकी वर्षं शोध घेणाऱ्या त्या अभियंत्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

1 एप्रिल 1901 रोजी मार्ग सुरू झाला. आज उन्हाळ्यात त्यावरून वाफेच्या इंजिनाची गाडी धावते. तिचं नाव जॅकोबाइट, म्हणजे त्या बंडखोरांचंच नाव. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत हा पूल दिसल्यापासून गर्दीला अंत नाही. गाडीच्या वेळेला टेकडीवर मुलं झगे घालून उभी असतात, इंजिनाची शिटी ऐकू आली की एकच कल्ला होतो. त्या मुलांचा आनंद पाहून मलाही बरं वाटलं. माझं म्हणणं इतकंच, की गाडी गेल्यावर आईबापांनी त्यांना घेऊन लगेच मोटारीकडे पळू नये. रस्ता ओलांडला की मनोरा आहे.

तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं तिकडे असतील, जायचा योग आला तर एक सांगून ठेवतो. वाफेच्या गाडीची तिकिटं फार आधी संपतात. त्यासाठी अडून बसू नका. रोजची साधी गाडी त्याच रुळांवरून, त्याच पुलावरून जाते. फोर्ट विल्यमहून बसताना डाव्या हाताची खिडकी धरा, पुलाच्या वळणावर खाली सरोवर आणि मनोरा दोन्ही दिसतात. ग्लेनफिननला उतरा, सगळं पायी बघा, आणि पुढच्या गाडीने मालेगच्या दिशेने जा. वाटेत लोख नान उआव ही खाडी लागते. चार्ल्स स्टुअर्ट 1745च्या जुलैत मुख्य भूमीवर उतरला तो इथे, आणि 20 सप्टेंबर 1746 रोजी फ्रेंच जहाजात बसून कायमचा गेला तोही इथूनच. तिथे आठ कमानींचा एक छोटा पूल आहे, मधोमध एक जाडजूड खांब असलेला. घोडा त्या खांबात आहे.